रावजीचा विसावा

३ ऑक्टोबर १९२८, बुधवार

रत्नागिरीस सुखरूप पोहोचलो. लांज्याहून सकाळी सुटलेली मोटार पालीला थांबत, हातखंब्याला थांबत, उन्हं चांगली चढल्यावर गावात शिरली. टोपी, मिशा, धोतर, सगळं तांबडं झालं होतं. कचेरीचा शिपाई सदू मला उतरवून घ्यायला आला होता. मला पाहून तो हसला नि म्हणाला, कारकूनसाहेब जांभ्यातून कोरून काढल्यासारखे दिसतायत. माणूस बरा वाटला.

उद्यापासून आगबोट कंपनीच्या एजंटाच्या कचेरीत रुजू व्हायचं. कचेरी मांडवीला, अगदी धक्क्यावर. राहण्याची सोय सदूनेच लावली. बंदरावरच्या चढणीला हिरा नावाच्या विधवा बाईचं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ऐसपैस ओटी. ओटीलगतची खोली मला दिली आहे. खिडकीतून माड दिसतात आणि माडांच्या आड भाट्याची खाडी समुद्राला मिळते ते पाणी. मुंबईत इतकी वर्षं समोरच्या भिंतीकडे तोंड करून जेवलो. इथे नुसतं बघत बसलं तरी पोट भरेल.

वही उघडण्याचा नेम इथेही मोडायचा नाही. मुंबईत दिवसा वखारीत नि रात्री छापखान्यात राबून मी अंथरूण धरलं, तेव्हा डॉक्टरांनी बाटली दिली नाही. म्हणाले, रोज एकदा ठरल्या वेळी हातातलं काम खाली ठेवायचं, एक कप चहा स्वस्थपणे घ्यायचा, आणि मनात येईल ते चार ओळी लिहायचं. या तीन गोष्टींनी मला उभं केलं. चहा, विसावा आणि ही वही.

माझी बायको गोदा अजून लांज्यालाच आहे. दिवाळी झाली की तिला घेऊन येईन. तिने समुद्र पाहिलेला नाही. ही खिडकी तिच्यासाठीच घेतली म्हणायची.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

काम समजलं. आगबोट सकाळी एक येते नि संध्याकाळी एक. ती धक्क्याला लागत नाही, लांब नांगर टाकते, आणि उतारूंची ने-आण पडावांतून, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होड्यांतून, करावी लागते. त्या वेळी धक्क्यावर नुसता गलका असतो. मधली दुपार मात्र आमची. जेवणं झाली की बंदर असं निजतं की कुत्रंसुद्धा भुंकत नाही. त्या वेळात घरी यायचं, चहा घ्यायचा नि लिहायचं असं ठरवून टाकलं.

हिराबाईंच्या चहाविषयी लिहिलंच पाहिजे. पितळी टोपात पाणी, गूळ, ठेचलेलं आलं आणि परसातली गवती चहाची पात. पात गाठ मारून टाकतात. पाण्याला रंग चढला की भुकटी, मग थेंबभर दूध. पहिल्या घोटालाच मुंबईचा इराणी विसरलो.

बाई दोन कप भरतात. एक माझ्यापुढे ठेवतात. दुसरा निळ्या कडेचा चिनी मातीचा. तो ओटीच्या कडेला, समुद्राच्या अंगाला, पाट मांडून त्यापुढे ठेवतात नि वर बशी झाकतात. तो निवेपर्यंत तिथेच असतो. मग उचलून माडाच्या मुळाशी ओततात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून ठेवलं.

"ह्यो तुमचा. त्यो माझ्या घोवाचा. त्याला हात लावायचा नाय."

मेलेल्या नवऱ्यासाठी कप! मी बरं म्हणालो. बाई चाळिशीच्या असतील. हसत नाहीत. नव्या आणलेल्या सामानाकडे बघावं तसं माझ्याकडे बघतात, म्हणजे हे कुठे ठेवायचं असं. पण घर लख्ख ठेवतात नि चहा वेळेवर देतात. मला आणखी काय पाहिजे?

९ ऑक्टोबर, मंगळवार

आज सदूकडून रावजीची हकीगत कळली. रावजी म्हणजे हिराबाईंचे यजमान. आगबोटीचे उतारू आणणाऱ्या पडावावर ते वल्ह्याला होते. पावसाळ्यासाठी बंदर बंद व्हायच्या बेतात असताना एकदा रिकामा पडाव घेऊन ते आणि सोबती खाडीच्या तोंडाशी आले नि वाऱ्याने गाठलं. धक्क्यावरून लोक बघत होते. पडाव लाटेआड गेला तो वर आला नाही. एकाचंही प्रेत किनाऱ्याला लागलं नाही, फळकूटसुद्धा नाही.

सदूने हे सांगताना आवाज खाली आणला होता. चढणीवरच्या त्या ओटीकडे बंदरावरचे लोक दुपारी बघत नाहीत, असंही तो बोलून गेला. मग मला तिथे का घातलंस, असं विचारलं तर म्हणाला, नव्या माणसाला दुसरं घर कोण देतो? 

मला मात्र ती ओटी आवडते. खांबाला टेकून बसलं की वारा लागतो. चहा संपतो, डोळे जड होतात, एक डुलकी लागते, मग वही. इतकं स्वस्थ मी आयुष्यात कधी बसलो नसेन.

१४ ऑक्टोबर, रविवार

आज घट बसले. हिराबाईंनी देव्हाऱ्याखाली परडीत रुजवण घातलं. त्यांचा चेहरा थोडा निवळलेला दिसला म्हणून मी धीर करून कपाविषयी विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता सांगत गेल्या.

रावजी गेल्यावर त्यांच्या स्वप्नात तो रोज येई आणि बोलत काही नसे, फक्त वल्हं मारत असे. अंगावरचं कातडं सोललेलं, तरी मारत असे. मग त्यांनी त्याच्या चहाच्या वेळेला कप ठेवायला सुरुवात केली आणि तेव्हापासून तो स्वप्नात दिसेनासा झाला. कप गरम असतो तेवढा वेळ त्याच्या हातातलं वल्हं सुटतं, असा त्यांचा भाव आहे. म्हणून एक दिवस चुकवत नाहीत. ताप असला तरी उठतात.

मी ऐकून घेतलं. दुःखाने माणूस काय काय मानतो. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करतो.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

आज हिराबाई किल्ल्यावर भगवतीच्या दर्शनाला गेल्या. उशीर होणार म्हणून निघताना चहाचं सगळं काढून ठेवलं नि दोनदा बजावलं की उकळून पहिला त्याचा कप भरायचा, पाट मांडायचा, निवला की माडाला घालायचा. मी मान डोलावली.

ऊन फार होतं. धक्क्यावरून चढण चढून आलो तो डोकं ठणकत होतं. चहा केला, त्यांच्यासारखाच केला. त्याचा कप भरून ठेवला, माझा भरला. कागद आणायला आत वळलो तेवढ्यात कावळ्याने माझा कप लवंडला. टोपात गाळाशिवाय काही उरलं नव्हतं. दुधाची वाटीही रिकामी.

समोर तो कप वाफाळत होता.

मी काही देवाचा नैवेद्य उष्टा केला नाही. थोड्या वेळाने मातीतच जाणारा चहा होता. मनात म्हटलं, रावजी, आजच्या दिवस माझं डोकं उतरू दे. पाटावरच बसलो, बशी काढली नि प्यालो. मग खांबाला टेकलो ती अशी झोप लागली की संध्याकाळच्या आगबोटीचा भोंगा वाजला तेव्हाच जाग आली. अंग पिसासारखं हलकं झालं होतं.

कप विसळून पालथा घातला. बाई आल्या. देवीचं कुंकू माझ्या हातावर ठेवलं. मग माडाशी गेल्या नि वाकून मातीला बोट लावलं. माती कोरडी होती. मला वाटलं आता बोलतील. पण त्या तशाच आत गेल्या नि बराच वेळ चुलीपुढे बसून राहिल्या.

२० ऑक्टोबर, शनिवार

आज विचित्र झालं. नेहमीप्रमाणे चहाला बसलो. पहिला घोट घेतला एवढं आठवतं. मग भर उन्हात पाण्यावर होतो. माझ्या हातात वल्हं होतं, पुढे माणसांच्या पाठी होत्या, ओल्या आणि वाकलेल्या. वल्हं ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. किनारा दिसत होता. तो जवळ येत नव्हता.

जाग आली तेव्हा कप रिकामा होता. मला तो प्यायल्याचं आठवत नाही. आणि हिराबाई समोर बसल्या होत्या. त्या माझ्यासमोर कधी बसत नाहीत. त्या हसत होत्या. मी डोळे चोळले तसं त्यांचं हसू गेलं नि त्या उठल्या.

ऐकलेल्या गोष्टीचा नि काल केलेल्याचा मनावर परिणाम. पण दोन्ही तळव्यांवर फोड कसे आले? ओठांना मीठ कसं लागलं?

आज त्यांनी दुसरा कप भरलाच नव्हता. हे आता लिहिताना लक्षात आलं.

२३ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

रोज तेच. बसलो, टेकलो, की मी पाण्यावर. आता पाठी ओळखू येऊ लागल्या आहेत. पुढचा टकला, त्याच्या मानेला शेवाळ. आज त्याने मान मागे वळवली. डोळ्यांच्या जागी काही नव्हतं तरी त्याने मला पाहिलं. म्हणाला, रावजी कुठं आहे? मी म्हणालो मला ठाऊक नाही. सगळे एकदम हसले. मग टकला म्हणाला, आम्हांला कोणी चहा ठेवत नाय. त्याला ठेवत व्हती. आता त्यो परत येत नाय. तू वढ.

परत आलो तेव्हा माझ्या टोपीत आपट्याची पानं खोवलेली होती. हिराबाईंनी सोनं दिलेलं. मी ते कधी घेतलं?

फोड फुटले आहेत. लेखणी धरताना आग होते.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

हेडक्लार्कनी आत बोलावून दार लावून घेतलं. गावात बोभाटा झाला आहे म्हणाले. घरी लग्नाची बायको असलेला माणूस भर दुपारी विधवेच्या ओटीवर पाय पसरून बसतो, तिच्याशी थट्टामस्करी करतो, तिच्या हातून विडा खातो. चढणीवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलं आहे. कंपनीची अब्रू वगैरे पुष्कळ बोलले.

मी विडा खात नाही. आरशापुढे जाऊन जीभ पाहिली. लाल आहे.

म्हणजे मी तिथे असतो तेव्हा इथे माझ्या अंगात दुसरं कोणी असतं. लिहिलं एकदाचं. लिहून पाहिलं तरी वेड्यासारखं वाटत नाही, हेच वाईट.

२९ ऑक्टोबर, सोमवार

आज चहाला बसलोच नाही. उभ्या उभ्या हिराबाईंना सगळं विचारलं. पाया पडलो. म्हणालो, चूक झाली, एका कपाची चूक, आजपासून मी स्वतः रोज दोन कप ठेवीन. त्यांनी नवं हिरवं लुगडं नेसलं होतं. हातात काकणं होती. विधवेच्या हातात काकणं.

त्या म्हणाल्या, "मी तुमाला सांगितलं व्हतं."

मग अगदी हळू, कोणी निजलेलं उठू नये तसं म्हणाल्या, "किती वर्सांनी माणूस टेकलाय. त्येला उठवू नका."

मी रडलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मी त्यांना दिसतच नव्हतो. माझ्या तोंडामागे कोणी आहे का, ते त्या बघत होत्या.

१ नोव्हेंबर, गुरुवार

खोली सोडली. सामान सदूच्या पडवीत आणलं. त्याच्या बायकोने नाक मुरडलं, पण जागा दिली.

उपयोग नाही. दुपारी कचेरीतच थांबलो, टेबलावर डोकं टेकलं मात्र — वल्हं. परत आलो तेव्हा तिच्या ओटीवर होतो. कचेरीतून उठून, धक्का ओलांडून, चढण चढून माझे पाय मला तिथे घेऊन गेले होते. समोर सदू उभा होता. एजंटाचं टपाल माझ्या हातात कोंबत होता नि कचेरीत बोलावलंय म्हणून ओरडत होता. टपालाचा गठ्ठा हातात आला नि मी आलो.

सदू म्हणतो, आधी माझा आवाज माझा नव्हता. टपाल बघितल्यावर मी तोंड वाकडं केलं, म्हणे, नि "मला काम सांगू नको, मी दमलोय" असं म्हणालो.

आता समजलं. हाताला काम असलं की तो येत नाही. मी विसावलो की येतो. त्याला फक्त विसावा पाहिजे. माझा.

४ नोव्हेंबर, रविवार

हात चालू ठेवतो. धक्क्यावर गाठोडी उचलायला गेलो, पडाववाल्यांनी ढकलून दिलं. त्यांच्यातला दत्ताराम म्हातारा झालेला खलाशी आहे. तो माझ्या अंगावर थुंकला. परवा मी त्याला जुन्या नावाने हाक मारली होती, म्हणे, जे नाव फक्त रावजी घेई, आणि पडावावर ये म्हणून सांगितलं होतं. आता पडाववाले मला बघितलं की दगड उचलतात. आज एक कानाजवळून गेला.

हॉटेलवाला कप देत नाही. हेडक्लार्क मला टेबलाशी बसू देत नाहीत. तळवे बघून म्हणाले, असले हात रजिस्टरला लावू नका.

या हातांनी जड काही उचलवत नाही. चालून चालून पाय उचलत नाहीत. उरलं काय? लिहिणं. लिहिताना तो येत नाही. म्हणून लिहितोय. चार ओळींची गरज नाही आता, पानंच्या पानं.

७ नोव्हेंबर

झोप म्हणजेही विसावाच. रात्री आता वल्ह्यावर जातात. सकाळी उठतो तो ओटीवर असतो. ती पाय दाबत असते. त्याचे.

आज मोटारीने लांज्याला पळायचं ठरवलं. मोटारीत बसलो, हातात दोरा घेतला नि गाठी मारत बसलो. मारायची, सोडायची. हातखंब्याच्या पुढे दोरा बोटांतून गळाला. एकदाच.

डोळे उघडले तो ओटी. समोर कप. निळ्या कडेचा.

९ नोव्हेंबर

त्याचा कप मीच भरून पाटापुढे ठेवला. ये, हा घे, तुझा आहे, असं मोठ्याने म्हणालो. ती आली. कप उचलून अंगणात ओतला. म्हणाली, "त्येला आता कपातला चा कशाला?"

कंपनीने काढून टाकलं. सदूच्या बायकोने सामान रस्त्यावर ठेवलं. सदू खाली मान घालून उभा होता. मी निघालो तेव्हा एवढंच म्हणाला की तुमच्या घरी लांज्याला निरोप धाडलाय, ताबडतोब या म्हणून.

गोदाला. गोदाला इथे बोलावलंय.

१० नोव्हेंबर

राहायला दुसरीकडे कुठे नाही. तिच्याच खोलीत. दार आतून लावलंय. ती ओटीवर चुडे वाजवत बसते.

टकल्याने आज सांगितलं — जेवढा तो तिथे टेकेल, तेवढं तुझं इकडचं पक्कं होईल. म्हणाला, हळूहळू नाव विसरशील. मी म्हणालो, हरिश्चंद्र. मोठ्याने म्हणालो. सगळ्यांनी वल्हं मारता मारता ते म्हणून दाखवलं, चिडवल्यासारखं. तिसऱ्यांदा म्हणताना मी अडखळलो.

हरिश्चंद्र. हरिश्चंद्र. गाव लांजा. बायको गोदा. लिहून ठेवतो.

११ नोव्हेंबर

हात पुसून पुन्हा. शाई नि रक्त एकच दिसतंय.

लेखणी दौतीत बुडवायची म्हणजे हात थांबतो. तेवढ्यात खारं पाणी दिसतं. शिसपेन घेतली. टोक झिजलं की दातांनी सोलतो, थांबत नाही.

गोदा येऊ नये. देवा, मोटार चुकू दे.

१२ नोव्हेंबर. दिवाळी

आली. दारात उभी. हातात फराळाचा डबा. अंगावर सगळी तांबडी धूळ. मला बघून डबा खाली पडला.

लिहीत लिहीतच तिला सांगितलं. सगळं. मान वर न करता. तिला वाचता येत नाही म्हणून तोंडाने सांगितलं. म्हणालो, मला थांबू देऊ नकोस, मी थांबलेलो दिसलो तर हातात काही दे, लाटणं दे, सूप दे, काहीही, काम सांग — ती हो हो म्हणत होती. तापकऱ्याला म्हणतात तसं. कपाळाला हात लावून पाहिला.

हात बघून रडली. चिंध्या बांधल्या. बांधताना मी डाव्या हाताने लिहिलं.

हिरा दारात उभी राहून बघत होती. गोदाने तिला, बाई तुमचे उपकार झाले, असं म्हटलं. ती गोदाच्या मंगळसूत्राकडे बघत राहिली.

दुपार. निजलं बंदर. सगळं निजलं.

गोदा समुद्र बघत होती खिडकीतून. म्हणाली, किती शांत आहे. मी तिकडे बघत नाही. पडाव तिथेच आहे, खिडकीच्या खाली, मला दिसतो, एक वल्हं रिकामं —

चुलीचा वास. आलं. गवती चहा. कोण करतंय? गोदा आत गेली होती. हिराने तिला टोप दाखवला असणार. गोदा, नको. ओरडलो. ती येतेय. पावलं येतायत. कप आहे हातात. कुठला कप, बघत नाही, कागद बघतो. हरिश्चंद्र. गाव लांजा. बायको

बसली जवळ. पाठीवर हात फिरवतेय. म्हणते चहा घ्या. म्हणते इतके दिवस कोणी दिला नसेल. नको म्हणतोय, ऐकत नाही. रडतेय. ओटीवर काकणं थांबली. हिरा ऐकतेय.

गोदा माझा हात धरतेय, किती मऊ धरलाय, शिसपेन काढून घेतेय, मी सोडत नाही, एकेक बोट उकलतेय नि म्हणते, पुरे झालं आता, जरा